धुरा या शब्दाविषयी थोडेसे

आज शनिवार, ३१ मे २००३. सकाळी शाळेत गेलो, शेवटची सही केली, कपाटाच्या किल्ल्या नव्या मुख्याध्यापिका वृषालीबाईंकडे दिल्या आणि इथे या निरोपाच्या सत्काराला आलो.

संस्थेचे अध्यक्ष माननीय सावळेरामभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधुभगिनींनो, पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

सगळे वक्ते म्हणाले, मी शाळेची धुरा वाहिली. अध्यक्षांनी तर उद्यापासून संस्थेच्या सचिवपदाची धुराही मलाच देऊन टाकली. उत्तर देण्याआधी या शब्दाविषयी थोडं बोलू का?

बैलगाडीच्या पुढे आलेल्या लांब दांड्याला धुरा म्हणतात. मूळ संस्कृत शब्द 'धुर्'. जिथे जू बसतं आणि ओढणाऱ्यावर भार येतो, ते टोक. जबाबदारी हा अर्थ त्यावरून पुढे आला.

हेच मी माझ्या पत्नीला, शीलाला, पंचाण्णव साली भर रस्त्यात ऐकवत होतो. बेल्ह्याहून कडबा आणताना आमचा एक बैल लंगडायला लागला. तो सोडून गाडीमागे बांधला आणि मी बोलत राहिलो. ती म्हणाली, "संस्कृतातला बैल येतोय व्हय? न्हाई ना? मंग खांदा द्या, मास्तर!"

जुवाच्या रिकाम्या बाजूला आम्ही दोघं लागलो. समोरून येणारा ओळखीचा टेम्पोवाला ओरडला, "राव, बैल लई शिकलेला दिसतोय!" शीला घरापर्यंत हसत होती.

यंदा मार्चमध्ये ती गेली. पत्रिकेत सवयीने 'सपत्नीक सत्कार' छापलं गेलं, इथे दोन खुर्च्याही मांडल्या गेल्या. त्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नका.

आमच्या गावी, मढला, आमचे वडील, चिमाजी, जोडीतला एक बैल मेला की दुसऱ्याला लगेच जुंपत नसत. बाजारातून नवा जोडीदार आणला तरी नाही. राहिलेला बैल पोटभर वैरण खाईपर्यंत थांबत. शेजारी चिडवायचे, "चिमाजी, बैलाचं सुतक धरलंय का?" वडील म्हणायचे, "खाऊ तर दे त्याला."

सावळेरामभाऊ, मी अजून एक वेळच जेवतो. म्हणून सचिवपद आज घेत नाही. रागावू नका.

उन्हातान्हातून आलात, शाल दिलीत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याची मला सवय नाही. काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चहाला थांबत नाही. सकाळी वाळत घातलेलं धुणं काढायचं आहे.