बिनखताची रांग

पालक पिकवायला कॉलेज लागतं, हे मला पोरीकडे जर्मनीत, बॉनला गेल्यावर कळलं. आमची सुमन तिथे पालकावर डॉक्टरेट करते. रविवारी मला तिच्या काचघरात घेऊन गेली. कुंड्यांच्या तीन रांगा. कंपोस्टवाली काळसर हिरवी, पण बेताची. रासायनिक खतावरची नुसती टरारलेली. आणि तिसरी पिवळी पडून माना टाकलेली.

सुमन पाणी आणायला गेली. मी तिथल्याच पिशवीतलं दाणेदार खत घेतलं आणि पिवळ्या रांगेला चिमूट चिमूट घालून टाकलं. जन्मभर पालक काढला, मला कोण शिकवणार?

ती आली, माझा हात बघितला आणि मटकन खालीच बसली.

"अप्पा, काय केलंत हे! ह्या रांगेला काहीच द्यायचं नव्हतं!"

"तू विसरलीस, म्हणून तर मी दिलं."

"विसरले नाही हो, मुद्दाम उपाशी ठेवली होती! खत न देता पानात किती कस उतरतो, ते दुसऱ्या दोन रांगांशी ताडून बघायचं होतं. सहा आठवडे गेले पाण्यात!"

धडधाकट रोप मुद्दाम उपाशी ठेवायचं, आणि वर त्याची डिग्री?

तिने सगळं उपटून नव्याने पेरलं. परवा पुन्हा काचघरात गेलो, तर सगळ्या जर्मन चिठ्ठ्यांमध्ये तिसऱ्या रांगेला एकच मराठी पाटी: 'अप्पा, हात लावू नका.'

तिचे प्रोफेसर ती अक्षरं वहीत उतरवून घेत होते. सुमनने त्यांना पालकाच्या वाणाचं नाव म्हणून सांगितलंय.