एकोणिसावा संदेश

भाची : नाही मामा, आधी फायदा कुणाचा झाला ते बघू. संदेश उडाला. त्यात तक्रार करणाऱ्या त्या बाईंना काय मिळालं? काही नाही. ग्रुपला? काही नाही. तुझं नाव मात्र शाबूत राहिलं.

मामा : चहा आत्ता घेतेस, की चौकशी संपल्यावर?

भाची : संपल्यावर. शिलाई मशीनवाल्यांच्या ग्रुपवर अ‍ॅडमिन दोघेच, तू आणि रफूवाले काका. तीन महिन्यांत तू एकोणीस संदेश उडवलेस. अठरा ठीक आहेत. जाहिराती, शिवीगाळ, एकाने सासऱ्याचा उद्धार केलाय. हा एकोणिसावा. ‘मशीनवाल्या मामांनी दुरुस्त केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा दोरा तुटायला लागला.’ उडवण्याचं कारण काय लिहिलंस? ‘इतर.’

मामा : तपासनीस म्हणून चिठ्ठीत नेमकं तुझंच नाव निघायचं होतं.

भाची : चिठ्ठ्या टाकायची पद्धत कुणी आणली?

मामी : ह्यांनीच. ‘आमच्यावरही कुणाची तरी नजर हवी’ म्हणत आठवडाभर मिरवत होते.

मामा : तू बटणं निवड.

भाची : स्वतःबद्दलच्या संदेशाला अ‍ॅडमिनने हात लावायचा नाही, दुसऱ्याला सांगायचं. हाही नियम तुझाच. सहा वाजता मला अहवाल टाकायचाय, मामा. लपवलंस असं ठरलं तर कायमचं काढतील तुला. खरं सांग.

मामा : बाईंनी खाली फोन नंबर आणि घरचा पत्ता दिला होता. वर, ‘एकटीच असते, कधीही या.’ दोनशे लोकांसमोर! रफूवाल्याला तीनदा फोन लावला. त्याच्या बायकोला त्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं. मग मीच उडवला.

भाची : मग तसं लिहायचं की.

मामा : जेवत होतो. यादीत ‘इतर’ पहिलं होतं, दाबलं.

मामी : ते खरं. अ‍ॅडमिन झाल्यापासून सहा वर्षांत ह्यांचा डावा हात फोनशिवाय पानावर बसलेला मी पाहिला नाही.

भाची : आणि नंबर काढून पुन्हा टाका, असं बाईंना कळवलंस?

मामा : (हातातली सुई उगाच उजेडात धरून) ते राहिलं.

भाची : राहिलं?

मामा : टाळलं. दिसत नाहीये तर बरंच आहे, असं वाटलं. मशीन मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन नीट केलं. चूक माझीच होती. बॉबिनच्या पेटीला बारीक धार आली होती, दोरा तिच्यावरच कापला जायचा, मी बोट फिरवून बघितलंच नव्हतं.

भाची : काल जाऊन आले त्यांच्याकडे. नंबर, पत्ता, धार, सगळं असंच सांगितलं त्यांनी.

मामा : मग मला कशाला घाम फोडलास?

भाची : टाळलंस, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं. आता ऐक. नंबर-पत्ता काढून संदेश परत लागेल. ‘इतर’च्या जागी खरं कारण, खाली तुझी कबुली. अ‍ॅडमिन तू राहशील, पण महिनाभर काही उडवायचं नाही.

मामा : काहीच नाही? जेवतानासुद्धा?

भाची : कधीच नाही. शिक्षा आहे ही मामा, हसतोस काय?

मामा : दीड महिना नाही का करता येणार?

मामी : विचारा की, थांबवलेल्या अ‍ॅडमिनचं काम कुणी करायचं असा तुमचा नियम आहे ते.

मामा : तपासनीसाने. अगं, ते तुझ्या लक्षात...

भाची : वाचलाय. म्हणून तर एकच महिना दिला. नाहीतर दोन देणार होते.

मामी : म्हणजे बाईंना मशीन मिळालं, ह्यांना सुखाचं जेवण मिळालं, आणि भरायचं तू. घे चहा. कप उजव्या हातात धर, डावा आता लागेल तुला.