सुरुंगापाशी लगीच वाकू नये

आता सांगा, ज्याला अक्षर वाचता येत न्हाई त्या मानसानं शिव्या ऐकायला नगरला जायचं... हाय का न्हाई कमाल? पन गेलो! आमचा नितीन सुप्याच्या कारखान्यात चांगला चिकटलेला, पन औंदा नव्यान्नव साली नगरात ते इंटरनेटचं दुकान निघालं अन् गडी कामावरनं सुटला की थेट तिथं! कशाला? भांडायला! कुनाशी? तर अमेरिकेत बसलेल्या एका मराठी मानसाशी, त्यानं नाव घेतलंय म्हनं 'सत्यवीर'! अन् कशावरनं? धर्मावरनं! तो लिहिनार, "तुम्ही बौद्ध झालात ते श्रद्धेनं नाही, नुसत्या रागानं," की हा लिहिनार, की तो, की हा... घरी आला की भाकरी ताटात तशीच, अन् मांडीवर बोटं नाचवत बसतो! शेवटी सून सायली म्हनाली, "मामा, ह्यांचा संसार त्या सत्यवीराशी चाललाय. पंधरा दिस बघती, न्हाईतर माहेरी जाती. परत न्हाई यायची."

मग मात्र मी उठलो. तुमाला सांगतो, उभा जन्म विहिरी खोदल्या, सुरुंग लावले. सुरुंगाचा कायदा एकच: वात पेटली की लांब जायचं, अन् न्हाई फुटला तरी लगीच वाकून बघायचं न्हाई. आपल्याला घाई काय हाय?

रविवारी दुकानात गेलो. नितीननं वाचून दाखवलं, "कालचा तुमचा धर्म, पळपुट्यांनो!" माजं बी रगात तापलं, खोटं कशाला बोलू? पन पोराची बोटं बटनांवर आली तसा हात धरला. "ऊठ. वात पेटलीय."

"आबा, तो म्हनंल मी हारलो!"

"म्हनू दे. आठ दिसांनी बघू. घाई काय हाय?"

बाबाबाबा, ते आठ दिस! "काय लिहिलं असंल ओ, आबा?" सकाळी तेच, जेवताना तेच! मी आपला म्हनतोय, घाई काय हाय, घाई काय हाय... अन् सायली भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतीय!

पुढच्या रविवारी तिघं बी गेलो. अकरा निरोप! पहिला, "घाबरलास?" दुसरा, "पळाला, पळाला!" पाचवा, "आहेस का?" आठवा, "तब्येत बरी नाही का?" अन् शेवटचा... नितीननं तो दोनदा वाचला... "मित्रा, काही झालं तर नाही ना? इथं माझ्याशी मराठीत बोलायला दुसरं कुणी नाही रे."

हात्तिच्या! तुमाला सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. नितीननं लिहिलं, "बरा हाय. जेवलास का?" त्या दिशी पोरगं तीन भाकरी जेवलं, अन् सायलीनं माहेराचं नाव काढलं न्हाई.

आता दर रविवारी त्यांचं चालतं. लिंबाचं लोनचं कसं घालायचं हे सायली सांगती, नितीन लिहितो. मी मागं स्टुलावर. त्या आठ दिसांत मी बी एक उत्तर जुळवलंय की! सांगनार हुतो, बाबा रे, जी इहीर मी अन् माज्या बापानं खोदली, तिचं पानी माज्या आयला लांबनं, वरनं ओतलेलं मिळायचं. अन् दीक्षा घेतली त्या दिशी आय पहिल्यांदा मान वर करून चालली. राग न्हाई रे, मान! असं झकास उत्तर, तोंडपाठ हाय... पन धर्माचं आता कुनी इचारतच न्हाई! तवा म्हनलं, जाऊ दे, तुमालाच सांगून मोकळं व्हावं.