रिकामे तळहात

लास वेगसच्या बसथांब्यावर ओफेलिया जपमाळ ओढत बसली होती. शेजारी कॅसिनोच्या काळ्या गणवेशातल्या दोघी येऊन टेकल्या. पोकरच्या टेबलांवर पत्ते वाटणाऱ्या होत्या. त्यांचं बोलणं ओफेलियाच्या कानावर पडत होतं.

"लोर्नाताई, आज माझ्या टेबलावर बाबा येऊन बसले."

"लहानपणी सोडून गेलेले? सुपरवायझरला सांगितलंस ना? नात्यातल्याला पत्ते वाटायचे नाहीत."

"नाही सांगितलं."

"अगं रेनाटा, नोकरी जाईल! डोक्यावर कॅमेरा आहे."

"सांगितलं असतं तर मला लगेच टेबलावरून उठवलं असतं. इतक्या वर्षांनी ते समोर बसलेत, आणि मी उठू?"

"त्यांनी ओळखलं?"

"छातीवर नाव आहे की माझं. वाचलं आणि मान खाली घातली."

"मग नियमाप्रमाणे अर्ध्या तासात तुझं टेबल बदललंच असेल."

"हो ना, मेलं ते घड्याळ! कुणीही जिंकलं तरी कॅसिनोला डावातला वाटा मिळतोच. मग आम्हाला एका जागी बसू द्यायला काय जातं यांचं?"

"ओळख वाढली की खेळणाऱ्यांना संशय येतो, बाई. खेळ सरळ वाटला नाही तर टेबल ओस पडेल."

"उठताना टाळी वाजवली. काही लपवून नेत नाही म्हणून कॅमेऱ्याला तळहात दाखवले, रोजच्यासारखे."

"आणि ते?"

"त्यांनीही पत्ते ठेवले. हळूच टाळी वाजवली आणि आपले रिकामे तळहात माझ्यापुढे धरले."

बस आली.

"उद्या सांग हो सुपरवायझरला."

"सांगते, ताई. पण आधी ते येतात का बघू दे."