शेजारची ओली जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धानोऱ्याचे सरपंच माननीय रामाजीभाऊ, चांद्याहून मोटारीचे धक्के खात इथवर आलेले शिक्षण खात्याचे माननीय साहेब, व्यासपीठावर विराजमान मंडळी, ज्यांच्यासाठी ही शाळा आज आंब्याच्या पानांनी सजली त्या आदरणीय गुणाबाई, समोर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, भाऊमंडळींनो, आणि खिडकीच्या गजांना लटकलेल्या मुलींनो, आधी खाली उतरा!

मी इंदुताई, या कन्याशाळेतली दुसरी बाई. पहिल्या बाई, म्हणजे गुणाबाई, आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या वाङ्मयप्रेमाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. माझे दोन शब्द किती लांबतात हे अध्यक्षमहाराजांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय. राहू द्या. आणि अध्यक्षमहाराज, मघाशी तुम्ही बाईंच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसायला गेलात आणि बाईंनी तुम्हाला पलीकडची दाखवली, ते मनाला लावून घेऊ नका. ती खुर्ची रिकामी का, ते ओघात येईलच.

वाङ्मय म्हटलं की पुस्तकांचं कपाट डोळ्यांपुढं येतं. आमच्या शाळेतही कपाट आहे आणि त्यात वाळवी सुखानं नांदते आहे. मग बाईंचं वाङ्मय होतं कुठं? ते होतं शनिवारच्या शेवटच्या तासाला, या टाटपट्ट्यांवर. त्या तासाला एकेका मुलीनं गोष्ट सांगायची. पाठ केलेली नाही, आपली. आणि बाईंचा एकच नियम होता: गोष्टीत मेलेलं माणूस बोलायला लागलं तर त्याला कोणी गप्प करायचं नाही.

मी नवी होते, नागपूरहून आलेली, जिभेला धार लावूनच आले होते. म्हटलं, "बाई, मुलींना भुतांच्या गोष्टी कसल्या शिकवता?" बाई हसल्या. म्हणाल्या, "या वर्गात कोणाची आई बाळंतपणात गेली, कोणाचा बाप वाघानं नेला, कोणाची भावंडं देवीत गेली. घरी रडावं तर कामाचा खोळंबा. या पोरींनी त्यांच्याशी बोलावं कुठं?" मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे सभागृहानं लक्षात घ्यावं, असे प्रसंग फार येत नाहीत.

आता मंगलीचं सांगते. आपला जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीवरचा, कोलू गोंड. त्याची बायको श्रावणात कठाणी नदी ओलांडत होती. कडेवर तान्हं मूल, आणि मागं मंगली, आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून. वरून पाणी आलं. मंगली काठाला लागली. आई आणि तान्हा भाऊ सापडले नाहीत, अजून सापडलेले नाहीत.

त्या दिवसापासून पोर बोलेना. कोलू जंगल खात्याच्या कामावर जाताना तिला शाळेत बसवून जायचा. ती यायची, बसायची, पाटीवर रेघा ओढायची. फक्त एक खोड होती. टाटपट्टीवर बसली की थोडी सरकायची आणि शेजारी जागा करून द्यायची. कोणाला? तिथं कोणीच नसायचं. हळूहळू बाकीच्या मुली त्या जागेपासून लांब बसू लागल्या. मी रागावले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, तिथी ओलं रायते."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझे वडील रेल्वेत होते. रात्रीच्या गाडीचे सगळे आवाज मला लहानपणापासून ओळखीचे. मी सरळ जाऊन तिथं तळवा टेकवला. फाल्गुनाचा महिना, विहिरीचा तळ दिसत होता, प्यायचं पाणी दुसऱ्या टोकाला रांजणात. टाटपट्टी ओली होती. एका बाईला बसायला लागेल तेवढीच. हात वर घेतला तर तळव्याला नदीची बारीक रेती.

मी मंगलीची जागा बदलली. ओल तिच्यामागं गेली. साहेब, तुम्ही हसताय. त्या साली आलेले साहेबही हसले होते आणि नेमके तिथंच मांडी घालून बसले. परत जाताना धोतर मागून हातानं झाकून गेले.

मग एके दिवशी मंगलीची आजी, बुधरीबाई, दारात येऊन उभी राहिली. आज ती तिथं, मागच्या खांबाजवळ बसली आहे. तिनं वर्गात पाहिलं. मंगलीकडं नाही, मंगलीच्या शेजारी. आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बस माय, बस. उठू नको."

त्यांच्यात रीत आहे. माणूस गेलं की घरची मंडळी मडकं घेऊन नदीवर जातात आणि त्याला नावानं हाक मारतात. मग मडक्यात जे जिवंत येईल, मासोळी म्हणा, खेकडा म्हणा, ते झाकून घरी न्यायचं. म्हणजे गेलेलं माणूस घरी आलं, वाडवडिलांत बसलं. बुधरीबाई कितीदा गेली. सून ऐकेना. मडक्यात नुसतं पाणी.

बुधरीबाई गुणाबाईंना म्हणाली, "मायी हाक थे ओळखत नाई का? ओळखते. पन थे पोरीची वाट पाहून राह्यली. पोरीनं आवाज देल्ला पायजे."

"आणि नाही दिला तर?" बाईंनी विचारलं.

"तं थे काऊन घरी येईन? पोरीलेच घेऊन जाईन." मग आवाज आणखी उतरला. "दोनदा नदीतून आनली बाई पोरीले. गुडघाभर पान्यात उभी होती. कोनी बलावलं तशी."

तो शनिवार मी विसरणार नाही. गोष्टीच्या तासाला बाई स्वतः खाली, टाटपट्टीवर बसल्या. म्हणाल्या, आज माझी पाळी. गोष्ट अगदी छोटी. एक बाई तळ्याच्या पाळीवर, बांधावर, धुणं धूत होती. मागं तिची लेक खेळत होती. बाईनं एक लुगडं पिळायला पाठ फिरवली. वळून पाहते तर पाळीवर नुसती लेकीची बाहुली. पुढं कितीतरी वर्षांनी ती बाई तळ्यावर गेली, तर पाण्यातून लेकीनं विचारलं, "माय, तू पाठ काऊन फिरवली?"

बाई थांबल्या. आम्ही वाट पाहत होतो. बाई म्हणाल्या, "यापुढं मला येत नाही. माय काय सांगते, कोणाला येतं का?"

बाहेर मोहाचं फूल पडलं तरी ऐकू आलं असतं. तेवढ्यात मंगलीनं मान कलती केली. शेजारची मुलगी हळूच उत्तर सांगते तेव्हा आपण कान देतो ना, अगदी तशी. आणि श्रावणानंतर पहिल्यांदा ती बोलली.

"थे गोष्ट मले नाई येत बाई. पन मायी माय म्हनते, तुया हातून पदर सुटला नाई. म्याच हिसकला. तू काठाले रायली पायजे म्हनून हिसकला."

मंडळी, इतके महिने ती पोर काय उराशी धरून बसली होती ते तेव्हा कळलं. आपल्या मुठीतून पदर सुटला म्हणून आई गेली, असं तिला वाटत होतं. हाक मारली तर आई तेच विचारेल, या भीतीनं तिनं तोंडच मिटून घेतलं होतं. आता पदर कोणी सोडला हे त्या दोघींशिवाय जगात कोणाला ठाऊक असणार? मग मंगलीला ते कोणी सांगितलं? तिच्या मनानं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावते आहे. समजूत पटते, पण दिवसाउजेडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. मंगली कमरेइतक्या पाण्यात उभी, बुधरीबाईनं एका हातानं तिचं मनगट घट्ट धरलेलं, दुसऱ्या हातात मडकं. मंगलीनं गोंडीत हाक मारली. एवढ्याशा पोरीचा तो आवाज पलीकडच्या सागवानात जाऊन परत आला. परत आला तेव्हा जरा जाड होता, मोठ्या बाईच्या गळ्यातून यावा तसा. बुधरीबाईनं मडकं बुडवून वर घेतलं. आत एक रुपेरी मासोळी होती. आणि तिच्या पोटाशी लागून दुसरी, नखाएवढी. हाक फक्त आईला मारली होती. तान्ह्या लेकराचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

बुधरीबाईनं पदरानं मडकं झाकलं आणि म्हणाली, "दोघंही आले. आता मागं पाहू नका." घर येईपर्यंत कोणी मागं पाहिलं नाही. मीही नाही.

सोमवारी मी मुद्दाम टाटपट्टीवर हात फिरवला. कोरडी धूळ. मंगली मैत्रिणीला खेटून बसली होती आणि इतकी बडबडत होती की मला तिला कोपऱ्यात उभं करावं लागलं. परवा ती सातवी पास झाली. साहेब, टाळ्या वाजवायला हरकत नाही.

आता त्या रिकाम्या खुर्चीचं. मीही कित्येक वर्षं समजत होते, बाईंना ऐसपैस बसायला आवडतं. परवा त्यांचं सामान बांधताना ट्रंकेत एक चिंध्यांची बाहुली सापडली. मी पाहत राहिले. बाई खाली बसल्या आणि त्यांनी सांगितलं. तळ्याची गोष्ट त्यांचीच. लेक गेल्यावर दिव्याखाली पीठ पसरून टोपली झाकली होती, आपल्याकडं झाकतात तशी, सकाळी पाऊल उमटलेलं दिसावं, जीव मार्गी लागला हे कळावं म्हणून. सकाळी पीठ जसंच्या तसं. एवढंसंही पाऊल नाही. "ती गेलीच नाही गं इंदू," बाई म्हणाल्या, "मी माझ्या शेजारी जागा करून ठेवते, दुसरं काय करू?" किती मुलींच्या मेलेल्यांना या बाईनं बोलायला जागा दिली, आणि स्वतः एका प्रश्नाचं उत्तर देता येईना म्हणून जन्मभर गप्प राहिली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मघाशी हार ठेवायला मी त्या खुर्चीपाशी गेले होते. बैठकीचा वेत ओला आहे.

बाई, उठू नका. ही गोष्ट मी मंगलीला सांगितली. ती म्हणाली, "तळ्याचं पानी कुठी जाते? नदीलेच जाते. बाईले कठाणीवर नेऊ." ती बघा, आजीजवळ मडकं घेऊन उभी आहे. तुमची मोटार संध्याकाळी आहे. वेळ आहे.

शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते होईलच. लांबून आलेल्या साहेबांचे, पाण्यापासून फराळापर्यंत सगळं पाहणाऱ्या मंडळींचे आणि इतका वेळ घड्याळाकडं न पाहण्याचा प्रयत्न करणाऱ्या अध्यक्षमहाराजांचे मी मनापासून आभार मानते. समारंभात बोलू नये ते मी बोलले. कोणाचं मन दुखावलं असेल तर धाकटी समजून पदरात घ्या. फक्त आता टाळ्या नकोत. आपण सगळे बाईंच्या मागोमाग नदीवर जाऊ, आणि काठावर गप्प उभे राहू.

मंगली तुमचं मनगट धरेल, बाई. बुधरीबाई मडकं धरेल. पण हाक तुम्हालाच मारावी लागेल. लेकीचं नाव तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही.