आधी अस्तराला विचार

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मोठ्या मॅडम, आणि समोर बसलेले आईबाप, झालेले आणि अजून वाट पाहणारे, सर्वांना माझा नमस्कार.

मी या वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत गर्भ वाढवतो. माझी शाळा खेड्यातली, त्यामुळे शब्द साधेच असतील.

मागच्या वर्षी एका सकाळी मी नेहमीप्रमाणे इनक्युबेटरपुढे हात जोडले. मागून मॅडम म्हणाल्या, "जोड, पण धुतलेस ना?" ही त्यांची रोजची थट्टा. त्या दिवशी मला हसू आलं नाही. आत होता तो माझ्या धाकट्या बहिणीचा गर्भ. आधीचे सगळे प्रयत्न फसले होते आणि आता नवी स्त्रीबीजं मिळण्याची आशा नव्हती. हा शेवटचा.

भिंगाखाली तो देखणा दिसत होता. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड, भरदार. गर्भ आत सोडायची नळी मी हातात घेतली आणि मॅडम म्हणाल्या, "थांब. गोठवून ठेव."

"अहो मॅडम, अस्तर किती छान आलंय!"

"जाडी पाहिलीस. तयारी पाहिलीस का? आधी अस्तराला विचार."

आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांची ही खास चूक. गर्भाचं रूप पाहून आम्ही असे हरखतो, की तो जाणार कुठे हेच विसरतो. अस्तर काय, नुसती गादी आहे का? एस्ट्रोजेन हे संप्रेरक ते वाढवतं. मग दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, येतं आणि तिथल्या पेशींची कामंच बदलतात. काही जनुकं निजतात, काही जागी होतात. ग्रंथींतून गर्भाला अनुकूल प्रथिनं पाझरू लागतात. पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाचे रेणू येतात, गर्भाला धरून ठेवणारे. एरवी कुणालाही टेकू न देणारा निसरडा थर, गर्भ उतरतो तेवढ्या जागी बाजूला सरतो. हे सगळं मोजके दिवस चालतं, मग अस्तर पुन्हा मिटतं. माझ्यासारख्याला यात देवाचा हात दिसतो. मॅडमना रेणू दिसतात. आमचं भांडण कधी झालं नाही.

बहिणीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन वेळेआधीच चढलं होतं. म्हणजे अस्तर पुढे निघून गेलं होतं आणि गर्भ मागे राहिला होता.

हे तिला सांगायला गेलो, तर तयार होऊन झोपलेली ती ऑपरेशनच्या टेबलावरूनच कडाडली, "दादा, वाढलेलं ताट उचलून नेतोस?" पुढे कितीतरी दिवस तिचा फोन नाही. मेहुणेच खुशाली कळवायचे, तीही दबक्या आवाजात.

त्याच गोठवलेल्या गर्भासाठी ती या महिन्यात पुन्हा आली, तेव्हा उलटं झालं. प्रोजेस्टेरॉन हवं तेव्हा सुरू झालं, रक्तात हवं तेवढं आलं. पण अस्तर मागच्याइतकं जाड दिसेना. केंद्रातल्या आमच्या धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बघू या का?" मॅडमना विचारलं, तर त्या टेबलाचे खण रिकामे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता तू ठरव. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

मॅडम, तुम्ही आम्हाला यंत्रं दिलीत, शिस्त दिलीत, वेळप्रसंगी बोलणीही भरपूर दिलीत. त्या सगळ्याबद्दल प्रयोगशाळेच्या वतीने मनापासून आभार. इतका वेळ तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या.

आणि आणखी एका गोष्टीची माफी. आज सकाळी तुम्ही या समारंभासाठी तयार होत होतात, तेव्हा मी तो गोठवलेला गर्भ बाहेर काढला. नीट जागा झाला. हात जोडले; धुतले होते. बहिणीने टेबलावरून विचारलं, "दादा, मॅडमना विचारलंस ना?"

म्हटलं, "अस्तराला विचारलंय."

नळी मी भरून दिली, धाकट्या डॉक्टरांनी सोडली. बहीण मागच्या रांगेत बसली आहे. तिला हात वर करायला लावू नका, पण ती हसते आहे. मॅडम, तुमच्या होकाराविना घेतलेला हा माझा पहिला निर्णय. तो मी पार पाडला आहे.