हळदकुंकू लावलेला फॉर्म

माननीय अध्यक्ष, मुंबई कार्यालयातून मुद्दाम आलेले मोठे साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आणि दोन वर्षं दर शनिवारी शिळफाट्याच्या या हॉलमध्ये माझी बोलणी खाणारे माझे विमा एजंट विद्यार्थीहो,

शाल दिलीत, आभारी आहे. मे महिन्यात खोपोलीत शाल द्यायची कल्पना कोणाची, ते विचारत नाही.

मानपत्रात आत्ता वाचलं गेलं की, ‘बाईंनी आरोग्य विम्याचे फायदे खेड्यापाड्यांत पोचवले.’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा कोंडाणे गावी जाऊन यावं. मी परवा जाऊन आले.

सत्याऐंशी साली मी शाळेतून निवृत्त झाले. आजारपणाची ही पॉलिसी तेव्हा नवीन होती. तिची पुस्तिका इंग्रजीत, आणि ती विकणारे तुम्ही, भातकापणी आटोपून सायकलवर येणारे. तुम्हाला ती समजावून सांगणारं कोणीतरी कंपनीला हवं होतं. मी तुमच्याकडून तीन वाक्यं पाढ्यांसारखी घोकून घेतली. इस्पितळात दाखल झालात तर खर्च मिळतो. पहिले तीस दिवस आजाराला काही मिळत नाही. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराला तर कधीच मिळत नाही. चौथं वाक्य पुस्तिकेत नव्हतं, ते मला लहानपणी शाळेत नन्सनी शिकवलेलं: रकाना रिकामा सोडायचा नाही. कोणी सोडला की मी फॉर्म त्याच्या अंगावर भिरकावत असे. आठवतं ना?

चांगो, मान वर कर. तुला विचारूनच तुझं नाव घेते आहे.

हा चांगो ठोंबरे, कोंडाण्याचा, माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. एका शनिवारी त्याने विचारलं, “बाई, आमच्याकडं नव्या कागदाला आदी हळदकुंकू लावत्यात. मंग त्याच्याव आजाराचं नाव कसं लिवायचं?” मी म्हणाले, “पेनाने.” सगळा वर्ग हसला. चांगोही हसला. खरं उत्तर शोधायच्या फंदात मी पडले नाही.

त्याच महिन्यात तो गावातल्या मोरूकडे फॉर्म घेऊन गेला. मोरू माथेरानला हॉटेलात भांडी घासतो. त्याच्या बायकोला, गोदूबाईला, लहानपणच्या तापाने हृदयाचा दोष राहिलेला. चार पावलं चढली की धाप. मुंबईच्या सरकारी इस्पितळाने तिला ऑपरेशनची तारीख दिलेली होती. ती तारीख मिळायला वर्ष लागलं होतं.

गोदूबाईने फॉर्म पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. चांगोने आजाराचा रकाना वाचून दाखवला. ती सांगायला लागली, तर मोरू म्हणाला, “कुकू लावलेल्या कागदाव असलं नको लिवू रं.” आजार लिहिता येईना, आणि बाईंची शिस्त अशी की रकाना रिकामा ठेवता येईना. चांगोने लिहिलं, ‘निरोगी’.

‘निरोगी’ लिहिल्यावर माझं तिसरं वाक्य लागू होत नाही असं त्याला वाटलं, आणि दुसरं कामाला आलं. तीस दिवस थांब, चांगोने सांगितलं, मग खाजगी इस्पितळात चांगलं ऑपरेशन होईल. मोरूने सरकारी तारीख सोडून दिली.

तीस दिवस झाले. खाजगी डॉक्टरांनी तपासून खरं ते लिहिलं: दोष बालपणापासून. आपल्या कार्यालयाने पॉलिसी रद्द केली. सरकारी इस्पितळात नाव पुन्हा रांगेच्या शेवटी गेलं. यंदा तिचा नंबर लागला, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आता हे हृदय ऑपरेशन सोसणार नाही.

साहेब, मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. तुमचं उत्तर एकच आलं, की नियमानुसार निर्णय योग्य आहे. योग्यच आहे. चांगोने खरं लिहिलं असतं तरी त्या आजाराला तुम्ही काही दिलं नसतंत. पण मग तिने ती तारीख सोडली नसती. एवढी एक गोष्ट तुमच्या पुस्तिकेत नाही, आणि माझ्या वर्गातही नव्हती. ज्या माणसाला ही पॉलिसी उपयोगाची नाही, त्याला तसं तोंडावर सांगून उठून यायचं, हे मी दोन वर्षांत एकदाही शिकवलं नाही. का शिकवावं? असं उठून येण्याचं कमिशन कोण देतं?

परवा गेले तेव्हा गोदूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला आता आडवं होता येत नाही. मला बघून म्हणाली, “बाई, चांगोला बोलू नका. कुकू मीच लावलं.” मोरू दारातून म्हणाला, “आता काय लिवायचं त्ये लिवा म्हनावं. रकाना भरा.” त्याच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. मला सोडायला आलेला चांगो उतारावर विचारत होता, दुसऱ्या कुठल्या साहेबांना भेटता येईल का. मी नाही म्हणाले. तेवढं उत्तर मला येत होतं.

पुढच्या शनिवारपासून मुंबईचे एक गृहस्थ वर्ग घेतील. पुस्तिका तीच आहे. कोंडाण्यासारख्या गावात ते कधी जातील असं मला वाटत नाही, आणि गेले तरी काही बदलेल असंही वाटत नाही.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि चहा थंड होऊ देऊन ऐकत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलताना कोणाचा उपमर्द झाला असेल तर तो माझ्या जुन्या स्वभावावर सोडून द्या. शिकवण्यात जे चुकलं त्याची क्षमा मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती करायचा अधिकार एकट्या गोदूबाईचा होता, आणि मी मागायच्या आधीच ती दम खात म्हणाली, “तुमी तरी काय करनार, बाई. बसा, च्या घ्या.”